खंदकाच्या दोन्ही बाजूंनी

२००० साली, उन्हाळ्याच्या तोंडावर, अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन शहरात ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने एका अख्ख्या जगाची हुबेहूब नक्कल केली. ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा त्यांचा खेळ सप्टेंबर १९९७पासून चालू होता आणि त्यातल्या ब्रिटानिया नावाच्या भूमीत एकाच वेळी हजारो माणसं नांदत होती. तीच शहरं, तेच डोंगर, त्याच खाणी आता दोनदा उभ्या राहिल्या. एका प्रतीला फेलुका म्हटलं, दुसरीला ट्रॅमल. ब्रिटानियाच्या आकाशातल्या दोन चंद्रांची ही नावं. फेलुकात पूर्वीसारखंच कुणीही कुणालाही गाठून मारू शकत होतं. ट्रॅमलमध्ये समोरच्याच्या मर्जीविना त्याच्यावर हात टाकताच येणार नाही, अशी सोय करून ठेवली होती. फेलुकातली झाडं निष्पर्ण केली, ट्रॅमल हिरवंगार ठेवलं, आणि कुठे राहायचं ते लोकांवर सोडलं. ट्रॅमल उघडलं तशी तिथे घरासाठी जागा धरायला झुंबड उडाली. फेलुका हळूहळू ओस पडत गेलं.

ऑनलाइन खेळांच्या इतिहासात या घटनेवर जितका वाद झाला तितका क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल. जुने लढवय्ये आजही सांगतात की त्या दिवशी भित्र्यांनी शूरांचं जग बळकावलं. दुसरी बाजू म्हणते की गुंडांच्या तावडीतून सुटका झाली. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे एकट्याने आपापलं खेळणं आणि दुसऱ्या माणसाशी झुंजणं यांचं उभं वैर आहे आणि एकाला जागा द्यायची तर दुसऱ्याची हिरावून घ्यावी लागते. गेल्या पंचेचाळीस वर्षांचा पुरावा नीट लावून पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. एकटा खेळणारा हा या जगांमधला उपरा नाही. ही जगं बऱ्याच अंशी त्याच्याच कष्टांवर उभी राहिली. आणि झुंजीला स्पर्धा म्हणायचं तर दोन्ही बाजूंनी तिच्यात जाणूनबुजून उतरलेलं असावं लागतं. ही एवढी अट पाळली गेली तिथे एकटे आणि झुंजणारे एकाच जगात वर्षानुवर्षं सुखाने राहिले. ती मोडली तिथे आधी एकटे निघून गेले आणि त्यांच्यामागोमाग झुंजणाऱ्यांचीही रया गेली.

सुरुवात इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात झाली. १९७८च्या शरद ऋतूत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तिथल्या मोठ्या संगणकावर ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि १९८०मध्ये तो आपला मित्र रिचर्ड बार्टल याच्या हाती सोपवला. त्यात चित्रं नव्हती, नुसता मजकूर होता. खजिना शोधायचा, तो दलदलीत टाकून गुण मिळवायचे, पुरेसे गुण झाले की जादूगाराचं पद मिळवायचं. दुसऱ्या खेळाडूवर हल्ला करायची मोकळीक होतीच, आणि लढाईत कुणाच्या हातून मरण आलं तर आठवडेच्या आठवडे खपून वाढवलेलं पात्र कायमचं पुसलं जाई. या जगात लोक नेमके येतात तरी कशासाठी, यावर मडच्या पुढच्या आवृत्तीतल्या जाणत्या खेळाडूंमध्ये नोव्हेंबर १९८९ ते मे १९९० अशी लांबलचक चर्चा झाली. तिचं सार काढून बार्टलने १९९६मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पांना येणारे आणि मारणारे, अशा चार जाती त्याने त्यात सांगितल्या. ही वर्गवारी पुढे इतकी गाजली की निबंधाचा उत्तरार्ध फारसा कुणी वाचलाच नाही, आणि खरी मोलाची गोष्ट तिथे आहे. कोणती जात वाढली की कोणती घटते, याचा हिशेब बार्टलने तिथे मांडला आहे. मारणारे माजले की गप्पा मारणारे सगळ्यांत आधी उठून जातात, मग मिळवणारे पातळ होतात, आणि शेवटी सावजच उरलं नाही म्हणून मारणारेही निघतात. त्याच निबंधात तो असंही नोंदवतो की मिळवणाऱ्यांना मारणारे आवडत नसले तरी कुठेतरी ते असावेत हे पटतं, कारण हरण्याची शक्यताच नसेल तर मिळवण्यातही काही राम राहत नाही. या दोन विधानांतला ताण म्हणजेच पुढचा सगळा इतिहास.

याचं उत्तर फार लवकर सापडलं होतं आणि मग ते विसरलं गेलं. १९८६च्या सुमारास लुकासफिल्मच्या खेळ विभागात चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी ‘हॅबिटॅट’ नावाचं जग उभारलं. कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरून, टेलिफोनच्या तारेने त्यात शिरता येई. तिथे शस्त्रं मिळत, माणसं मारता येत. मेलेला माणूस स्वतःचं मुंडकं हातात धरून, रिकाम्या खिशांनी आपल्या घरी प्रकट होई, आणि त्याच्या हातातली वस्तू मेल्या जागीच पडून राही. बघता बघता रहिवाशांमध्ये वाद पेटला: खून हा इथे गुन्हा मानायचा की गमतीचा भाग? कौल घेतला तर लोक जवळजवळ निम्मे-निम्मे. प्रत्यक्ष आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स पाद्री असलेल्या एका खेळाडूने तर त्या जगात एक पंथच काढला. त्याच्या अनुयायांनी शस्त्र बाळगायचं नाही, चोरी करायची नाही, हिंसेत पडायचं नाही. अखेर निर्मात्यांनी तडजोड केली. शहराच्या हद्दीत मारामारी बंद, बाहेरच्या रानात चालू. जगाची नक्कल करावी लागली नाही की कुणाला हाकलावं लागलं नाही; एक वेस आखली आणि ती ओलांडायची की नाही हे ज्याचं त्याच्यावर सोपवलं. हा अनुभव दोघांनी सविस्तर लिहूनही ठेवला होता.

दहा वर्षांनी ‘अल्टिमा ऑनलाइन’ उभं राहिलं तेव्हा त्याच्या निर्मात्यांना नियमांनी बांधलेलं जग नको होतं. प्रमुख रचनाकार राफ कॉस्टर यांची धारणा अशी होती की माणसांना मोकळं सोडलं तर ती आपले कायदे आपण करतील, लुटारूंचा बंदोबस्त आपण करतील, आणि त्यातूनच खरा समाज घडेल. ही उमेद मला आजही आदराची वाटते. नागरिकांवर इतका विश्वास टाकणारे खेळ त्यानंतर फार झाले नाहीत. शहरांत तेवढे पहारेकरी होते. कुणी आगळीक केली आणि दुसऱ्याने पहारेकऱ्यांना हाक मारली की ते तिथल्या तिथे प्रकट होऊन गुन्हेगाराला ठार करत. पहाऱ्याची हद्द संपली की पुढे फक्त माणूस आणि माणूस. पुढे काय होणार याची चुणूक खेळ बाजारात येण्याआधीच, ऑगस्ट १९९७मधल्या चाचणीत मिळाली. निर्माता रिचर्ड गॅरियट स्वतः राजा लॉर्ड ब्रिटिश बनून प्रजेसमोर उभा असताना रेन्झ नावाच्या पात्राने आगीचा मंत्र टाकून त्याचा जीव घेतला. ही गोष्ट अजून हौसेने सांगितली जाते. पण राजाचं काहीच गेलं नव्हतं. ज्यांचं जात होतं ते डोंगराच्या कुशीत कुदळ चालवत होते.

ब्रिटानियातल्या खाणकामगाराचा दिवस कसा जाई ते पाहण्यासारखं आहे. मिनॉक हे खाणींचं गाव. कुदळ घेऊन खडकावर घाव घालत बसायचं. दगड हाती लागले की पाठीवर घ्यायचे. ते इतके जड की थोडक्यात चाल मंदावते, म्हणून बरेचजण मालवाहू घोडा बरोबर ठेवत. मग भट्टीशी जाऊन धातू वितळवायचा, त्याच्या विटा पाडायच्या, त्या लोहाराला विकायच्या किंवा स्वतःच चिलखतं घडवायची. या जगातल्या योद्ध्यांची तलवार अशाच कुणाच्या तरी तासन् तासांच्या एकट्या मेहनतीतून आलेली असे. लुटारूला हे पक्कं ठाऊक होतं. तो खाणीच्या तोंडाशी दबा धरून बसे, ओझ्याने वाकलेला माणूस बाहेर पडला की त्याला गाठे, आणि काही क्षणांत खेळ आटपे. मेलेल्याचं भूत होई. करड्या वस्त्रातलं ते भूत बोलू पाही तेव्हा जिवंतांना नुसतं ‘ऊऊऊ’ ऐकू येई. डोळ्यांदेखत मारेकरी त्याचा माल उचलत असे, आणि भुताला वैदूच्या शोधात रानोमाळ भटकून पुन्हा शरीर मिळवावं लागे. परत येईतो प्रेताजवळ काही उरलेलं नसे.

कंपनी हातावर हात ठेवून बसली नव्हती. आधी लौकिकाची मोजदाद आली, मग रंग आले: निरपराध निळा, गुन्हेगार करडा, पाच खुनांची नोंद झालेला लाल. लाल माणसाचं मुंडकं आणून देणाऱ्याला इनाम लावलं. पुढे लाल माणूस मेला तर त्याची कौशल्यं घटतील अशीही शिक्षा ठेवली. खेळाडूंनी आपणहून खुन्यांच्या मागावर राहणारे जथे उभे केले. तरीही लूट थांबली नाही. कायदा जितका बारीक होत गेला तितक्या पळवाटाही बारीक झाल्या. निष्पापाला फसवून त्याच्याकडून क्षुल्लक गुन्हा करवून घ्यायचा, तो करडा झाला की कायद्याने मारायचा, असले कसबी तयार झाले.

हे जथे आणि हे कायदे का हरले, याचं कारण बहुतेक वेळा माणसाच्या स्वभावात शोधलं जातं. मला ते हिशेबात दिसतं. लुटारू वेळ ठरवतो, जागा ठरवतो, सावज ठरवतो. हातात काही मौल्यवान न घेता येतो. फसला तर एखादी स्वस्त तलवार जाते. खाणवाल्याने अर्धा दिवस घातलेला असतो आणि तो सगळाच्या सगळा डावावर असतो, तोही त्याने स्वतः न लावलेल्या डावावर. रखवालदाराला प्रत्येक खाणीवर प्रत्येक घटका जागं राहावं लागतं, चोराला एकदाच यायचं असतं. अशा व्यवहाराला दोन खेळाडूंमधली स्पर्धा म्हणणं हा स्पर्धेचा अपमान आहे. पहिलवान पहिलवानाशी लढतो तेव्हा दोघंही लंगोट बांधून आलेले असतात. म्हणून ट्रॅमलकडे धावलेल्यांना भित्रे ठरवण्यात तथ्य नाही. ते ज्याच्यापासून दूर गेले ती स्पर्धा नव्हतीच. खेळाच्या वर्गणीदारांची संख्या त्यानंतर वाढली आणि २००३च्या सुमारास अडीच लाखांच्या घरात पोचली.

आता फेलुकावाल्यांची बाजू. ते म्हणतात की ट्रॅमल झालं आणि ब्रिटानियाचा प्राण गेला. रस्त्याने जाताना समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघून जी धडधड होई ती संपली, संकट नाही म्हणून सोबतीची गरज नाही, आणि गरज नाही म्हणून ओळखीही नाहीत. या तक्रारीत खरेपणा आहे, तो नाकारून चालणार नाही. धोक्याने माणसं जवळ येतात, आणि त्या पहिल्या अडीच वर्षांत जुळलेल्या मैत्र्या अनेकांनी आयुष्यभर जपल्या. पण ट्रॅमलनंतर फेलुकात काय घडलं ते पाहिलं की या युक्तिवादाचा जोर कमी होतो. लढाईची आवड असलेल्यांना पूर्वीचंच जग, पूर्वीच्याच नियमांनी, अडथळ्याविना मिळालं होतं. आता समोर फक्त आपल्यासारखेच तयारीचे गडी होते. तरीही फेलुका भरेना. शेवटी तिथे माणसं यावीत म्हणून कंपनीला आमिषं ठेवावी लागली: तिथल्या खाणीत आणि जंगलात दुप्पट माल, आणि कौशल्याची मर्यादा वाढवणाऱ्या खास गुंडाळ्या मिळतील तर फक्त तिथल्याच राक्षसांकडून. म्हणजे ज्यांना मोकळं रणांगण हवं होतं त्यांच्यातल्या पुष्कळांना रणांगण नको होतं, सावज हवं होतं. सगळ्यांबद्दल हे म्हणणं अन्यायाचं होईल; फेलुकात मागे राहून, बरोबरीच्या टोळ्यांशी वर्षानुवर्षं लढत राहिलेले लोक होते, आणि त्यांच्यासाठी फेलुका टिकलं हे चांगलंच झालं. माझी हळहळ वेगळी आहे. पूर्ण नक्कल करून दोन जगं तोडण्याऐवजी हॅबिटॅटसारखी एक वेस आखली असती तर दोन्ही प्रकारची माणसं एकमेकांच्या नजरेत राहिली असती.

ही नजरेत राहण्याची गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते त्या सुमारास आणि पुढे आलेल्या इतर खेळांतून कळलं. मार्च १९९९मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने खेळाडूंमधली मारामारी जवळजवळ सगळ्या सर्व्हरांवर बंदच ठेवली; हौशींसाठी रॅलोस झेकसारखे वेगळे सर्व्हर दिले. लोक तिकडे लोटले, आणि थोड्याच वर्षांत त्याचे वर्गणीदार चार लाखांवर गेले. तिथे राक्षस इतके बळकट होते की टोळीशिवाय पान हलत नसे, तरी काहीजण हट्टाने एकटे खेळत. शत्रूला मंत्राने मंद करायचं आणि त्याच्या हाती न लागता गोल गोल पळत त्याला मारत राहायचं, ही त्यांची खास विद्या होती. नोव्हेंबर २००४मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने हाच हट्ट सरळ राजमार्ग करून टाकला. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकट्याने जाता येईल असा खेळ त्यांनी घडवला. झुंज हवी असेल त्यांना वेगळे सर्व्हर आणि पुढे वेगळी रणमैदानं. २०१०मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोचले. कॅलिफोर्नियातल्या पार्क या संशोधनसंस्थेच्या मंडळींनी २००६मध्ये या खेळाच्या निरीक्षणावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांना दिसलं की हजारोंच्या जगात असूनही लोक बराच वेळ एकटेच खेळतात. मग बाकीचे कशाला हवेत? तर आपलं कसब, आपलं चिलखत बघायला प्रेक्षक म्हणून, आजूबाजूला जाग असावी म्हणून, आणि इतरांची मजा बघता यावी म्हणून.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: एकटंच खेळायचं तर घरी संगणकावर एकट्याचे खेळ शेकड्यांनी आहेत, चारचौघांत येता कशाला? आपल्याकडे जत्रेला जाणाऱ्याला हे कुणी विचारत नाही. जत्रेत कुस्तीचा फड असतो, त्याच्याभोवती सारी जत्रा जमते, पण पाळण्यात बसायला आलेल्याला किंवा घोंगडं विकायला आलेल्याला कुणी ओढून हौद्यात उतरवत नाही. ऑनलाइन जगातल्या एकट्याचं तसंच आहे. त्याने काढलेला दगड, पकडलेला मासा, शिजवलेलं अन्न दुसऱ्याच्या उपयोगी पडतं, त्याला बाजारभाव असतो. हे मोल एकट्याच्या खेळात कुठून यायचं?

या सगळ्या वादाचा सर्वांत बोलका दाखला इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीच्या ‘रूनस्केप’चा आहे. अँड्र्यू गावरने जानेवारी २००१मध्ये हा खेळ सुरू केला. ब्राउझरमध्ये चालणारा, फुकटही खेळता येणारा, म्हणून जगभरची शाळकरी पोरं त्यावर वाढली. लाकूड तोडणं, मासेमारी, लोहारकाम, अशा पंचवीसेक कौशल्यांत एकट्याने वर्षं घालवावीत असा त्याचा घाट. आणि नकाशाच्या उत्तरेला वाइल्डरनेस नावाचं रान. त्याच्या सीमेवर पुढे एक खंदक खोदला गेला, चुकून कुणी पाऊल टाकू नये म्हणून. खंदकावर क्लिक करून, इशारा वाचून, उडी मारूनच पलीकडे जायचं. पलीकडचे नियम बारकाईने घडवलेले होते. आत जावं तसा रानाचा आकडा वाढतो, आणि तुमच्यात आणि समोरच्यात लढाईच्या ताकदीचा जितका फरक चालेल तितकाच तो आकडा असतो; म्हणजे काठावर फक्त जवळपास बरोबरीचे भिडू शकतात, खोल आत बराच फरक असलेलेही. मेलात तर अंगावरच्या सगळ्यांत मौल्यवान तीन वस्तू राहतात, बाकी जातं. पण आधी हल्ला तुम्ही केला असेल तर डोक्यावर कवटीची खूण उमटते आणि मग त्या तीनही जातात. अल्टिमात जो हिशेब सावजाच्या विरुद्ध झुकला होता तो इथे सरळ केला होता: जो हात उगारेल त्याने जास्त पणाला लावावं. काही दुर्मीळ धातूंचे दगड आणि काही जनावरं खंदकापलीकडे ठेवली होती, त्यामुळे एकट्यालाही कधीमधी वाटे, तीन वस्तू घेऊन जावं, बघू काय होतं ते.

१० डिसेंबर २००७ला जॅगेक्सने हे रान बंद केलं. मारामारी वेगळ्या, आटोपशीर जागी हलवली आणि मालाच्या देवाणघेवाणीवरही कडक बंधनं घातली. कारण खेळाडूंचं वैर नव्हतं. खेळातलं सोनं खऱ्या पैशाला विकणाऱ्या टोळ्या रानातल्या मृत्यूचा आणि उघड देवाणघेवाणीचा उपयोग माल हस्तांतरित करायला करत होत्या, त्यात चोरलेली क्रेडिट कार्डं वापरली जात होती. खेळाडूंनी शहरांच्या चौकांत जमून निषेध केला, पुष्कळजण सोडून गेले. तीन वर्षांनी कंपनीने मतदान घेतलं. बारा लाखांहून अधिक मतं पडली, त्यांतली ९१ टक्के रान आणि मोकळा व्यापार परत आणण्याच्या बाजूने, आणि १ फेब्रुवारी २०११ला दोन्ही परत आले. दोन्हींवर एकच मत होतं, म्हणून किती लोकांना नुसता व्यापार हवा होता ते वेगळं काढता येत नाही. तरी बारा लाखांतले ९१ टक्के लोक रानातले शिकारी होते असं कुणी म्हणणार नाही. जे खंदकाच्या अलीकडे आयुष्य काढत होते त्यांच्यातल्याही मोठ्या संख्येला पलीकडचं रान असायला हवं होतं. बार्टलने एसेक्सच्या खेळाडूंबद्दल जे नोंदवलं होतं, त्याला इतक्या मोठ्या प्रमाणावर मिळालेला दुजोरा मला दुसरा माहीत नाही.

याच खेळाच्या जुन्या आवृत्तीत ऑक्टोबर २०१४मध्ये ‘आयर्नमॅन’ नावाची रीत अधिकृत झाली. आयर्नमॅनने कुणाशी व्यापार करायचा नाही, बाजारातून विकत घ्यायचं नाही, दुसऱ्याने टाकलेली वस्तू उचलायची नाही. धनुष्य हवं असेल तर लाकूड आपण तोडायचं, दोरी आपण वळायची. काही खेळाडू आधीपासूनच स्वतःवर हा नेम घालून खेळत होते. कंपनीने त्याला नाव दिलं, नावापुढे शिरस्त्राणाची खूण दिली, आणि वेगळी गुणतालिका दिली. एकटेपणाची याहून कडक दीक्षा ऑनलाइन जगात शोधून सापडणार नाही. पण शिरस्त्राणाची ती खूण दिसते कुणाला? बँकेत शेजारी उभ्या असलेल्या इतरांना. गुणतालिकेत वरखाली होणं कुणाशी? दुसऱ्या आयर्नमॅनशी. स्पर्धा इथेही आहेच, फक्त ती दुसऱ्याच्या खिशात हात घालून होत नाही.

मग कोरियाचं काय, आइसलंडचं काय, असं विचारणारे विचारतीलच. १९९८मध्ये आलेल्या कोरियन ‘लिनिएज’मध्ये उघड मारामारी होती आणि तो त्या देशात अफाट चालला. पण त्याचा प्राण होता गढ्यांचे वेढे. संघांनी ठरल्या वेळी, ठरल्या गढीवर चालून जायचं, आणि तेही बहुधा पीसी-बांगमध्ये, म्हणजे तिथल्या सायबर कॅफेत, आपल्या साथीदारांच्या खांद्याला खांदा लावून. वाटेत कुणाला उगाच मारणाऱ्याची पत खालावे आणि त्याच्या स्वतःच्या वस्तू गळण्याचा धोका वाढे. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ‘इव्ह ऑनलाइन’ २००३पासून एकाच अखंड विश्वात चालतो आणि तिथे तत्त्वतः कुणीही कुठेही सुरक्षित नाही, हा सगळ्यांत तगडा प्रतिवाद. तरी तिथेही तारकामंडळांना सुरक्षिततेचे आकडे आहेत. ०.५ आणि त्यावरच्या मंडळांत विनाकारण हल्ला केला तर कॉन्कॉर्ड नावाचं पोलीसदल हल्लेखोराचं जहाज हमखास उडवतं. हल्ला अडत नाही, पण त्याची किंमत आधीच ठरलेली आणि अटळ असते. लुटीचा हिशेब एकतर्फी राहू द्यायचा नाही, हेच तत्त्व तिथे वेगळ्या मार्गाने पाळलेलं आहे. जानेवारी २०१४मध्ये बी-आर५आरबी या मंडळातल्या महालढाईत जी प्रचंड जहाजं जळाली त्यांचं पोलाद कुठेतरी तासन् तास खडक फोडणाऱ्यांनीच काढलेलं होतं.

आपल्याकडे हा सगळा वाद फारसा पोचलाच नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत एका पिढीने ऑनलाइन झुंज ओळखली ती सायबर कॅफेतल्या काउंटर-स्ट्राइकमधून, आणि त्यानंतरच्या पिढीने मोबाइलवरच्या पब्जीतून. सप्टेंबर २०२०मध्ये पब्जीवर बंदी आली, पुढल्या वर्षी तोच खेळ नव्या नावाने परतला. तिथे शंभर माणसं एका बेटावर उतरतात, अर्ध्या तासाच्या आत निकाल लागतो, आणि प्रत्येक डाव सुरू करताना खेळाडू झुंजीला नव्याने होकार देतो. हरला तरी कालची कमाई जात नाही. म्हणून आपल्या मुलांना खाणवाल्याचं दुःख ठाऊक नाही. सतत चालू राहणाऱ्या जगात मात्र निर्माते तोच धडा पुन्हा पुन्हा नव्याने शिकतात. ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ची कल्पना मुळात उघड्या मारामारीची होती. चाचण्यांमध्ये बलिष्ठ खेळाडू नवख्यांना टिपत सुटले, तेव्हा २०२०मध्ये ती ज्याच्या त्याच्या निवडीवर सोडण्यात आली. ‘सी ऑफ थीव्ह्‌ज’ने २०२३च्या डिसेंबरात सुरक्षित समुद्र दिला, कमाई कमी ठेवून.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे माझी बाजू मला तितक्या ठामपणे मांडता येत नाही. केंब्रिजच्याच फ्रंटियर कंपनीचा ‘एलिट डेंजरस’ डिसेंबर २०१४मध्ये आला. त्यातली आकाशगंगा सगळ्यांना सामायिक. पण शिरताना खेळाडू ठरवतो, उघड्यावर, निवडक मित्रांत, की सोलो, म्हणजे एकट्याने. उघड्यावर रडारमध्ये यंत्राची जहाजं भरीव चौकोनांनी दिसतात आणि खऱ्या माणसांची पोकळ. तो पोकळ चौकोन उमटला की हात घट्ट होतात. सोलोत तो कधीच उमटत नाही. इथवर सगळं ठीक. अडचण अशी की कुठल्या तारकामंडळावर कुठल्या गटाची सत्ता, याचा निकाल तिन्ही रीतींत केलेल्या कामाच्या बेरजेने लागतो. एखाद्या संघाने नाकेबंदी करून मंडळ राखावं, आणि सोलोतला व्यापारी त्यांना न दिसता, त्यांच्यामधून शेकडो टन माल वाहून ते उलथवून टाकावं, हे घडतं. यावर खेळाडू आजही हमरीतुमरीवर येतात, आणि इथे उघड्यावरच्यांची तक्रार मला रास्त वाटते. संमतीची अट एकट्याच्या रक्षणासाठी आहे तशी ती झुंजणाऱ्याच्याही हक्काची आहे. आपला प्रतिस्पर्धी कोण हे त्याला दिसायला हवं. खाण खोदावी, तारे धुंडाळावेत, माल विकावा, हे एकट्याने कुणाच्या नजरेत न येता करावं. पण दुसऱ्याचा किल्ला घ्यायचा असेल तर त्या मोहिमेपुरतं तरी उघड्यावर यावं. ‘रूनस्केप’च्या जुन्या आवृत्तीतही हीच गाठ उलट्या बाजूने पडलेली दिसते. तिथे नवे बदल खेळाडूंच्या मतदानाने ठरतात, बहुसंख्य लोक खंदकाच्या अलीकडचे, आणि रानातल्या लढाया सुधारण्याचे प्रस्ताव ज्यांना रानात जायचंच नाही त्यांच्या मतांनी अनेकदा पडले आहेत.